टँगो : जुनी मिठी, नवी पावले

टँगो म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चित्रपटातले एक ठरावीक दृश्य उभे राहते. काळ्या सुटातील रुबाबदार पुरुष, लाल झग्यातील स्त्री, दातांत धरलेले गुलाबाचे फूल, झटक्याने वळणारी मान आणि हवेत उंच फेकलेला पाय! हे चित्र मनात घेऊन एखादा पर्यटक रात्री बारानंतर ब्युनोस आयर्समधील जुन्या नृत्यसभागृहात शिरला, तर त्याची निराशाच होण्याचा संभव अधिक. तिथे साठी-सत्तरी ओलांडलेली जोडपी एकमेकांना छातीशी धरून, डोळे मिटून, अगदी छोटी पावले टाकत गर्दीतून संथपणे पुढे सरकत असतात. पाय जमिनीपासून फारसे सुटत नाहीत. पाहणाऱ्यासाठी त्यात प्रेक्षणीय असे जवळपास काहीच नसते. याच शहरातील दुसऱ्या एखाद्या सभागृहात मात्र तरुण मुले-मुली साध्या कापडी बुटांत, सैल विजारींत, एकमेकांपासून हातभर अंतर राखून गिरक्या घेताना दिसतील. त्यांचे तोल मुद्दाम ढळतात, पाय एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटतात.

हे दोन्ही टँगोच. यांतला खरा कोणता, हा वाद गेली तीसेक वर्षे अर्जेंटिनात आणि जगभरच्या टँगोप्रेमींत चालू आहे. वरकरणी हा पदन्यासाचा वाद वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी एखादी कला कोणाची, ती कोणी आणि किती बदलावी, आणि बदलता बदलता तिचा प्राण कुठे हरवतो, हे आपल्याकडील संगीत-नृत्याच्या रसिकांनाही परिचित असलेले प्रश्न आहेत.

नदीकाठचा जन्म

टँगोचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता या विस्तीर्ण नदीमुखाच्या दोन्ही काठांवर, म्हणजे अर्जेंटिनातील ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेतील मॉन्टेव्हिडिओ या बंदरांत झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचे कांदोम्बे, क्युबातून आलेली हबानेरा, गवताळ प्रदेशातील गायकांची मिलोंगा आणि युरोपीय स्थलांतरितांबरोबर आलेले वॉल्ट्झ, पोल्का असे अनेक प्रवाह त्यात मिसळले. त्या काळात इटली आणि स्पेनमधून माणसांचे लोंढे ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर उतरत होते. १९१४च्या जनगणनेत शहरातील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले आढळले. त्यांत एकट्या पुरुषांची संख्या मोठी होती. एका वाड्यात डझनावारी कुटुंबे कोंबलेल्या 'कॉन्वेन्तिय्यो' नावाच्या चाळी, शहराच्या कडेच्या वस्त्या, दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने यांच्या परिसरात हे नृत्य वाढले. गुडघे वाकवून, अंग किंचित कलते ठेवून, खट्याळपणे केल्या जाणाऱ्या त्याच्या जुन्या रूपाला 'कान्येंगे' म्हणतात.

मायदेशी प्रतिष्ठितांनी नाक मुरडलेल्या या नृत्याला मान्यता मिळाली ती पॅरिसमार्गे. १९१२-१३च्या सुमारास पॅरिस, लंडन, बर्लिन या शहरांत टँगोची लाट उसळली. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने १९१३मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना गणवेशात टँगो करण्यास मनाई केली, यावरून त्या लाटेचा जोर कळावा. युरोपने डोक्यावर घेतल्यावर ब्युनोस आयर्सच्या उच्चभ्रूंनीही त्याला दिवाणखान्यात जागा दिली. टँगोचे पाऊल संथ आणि ताठ झाले, पोशाख बदलला. थोडक्यात, 'मूळ' टँगो बदलला अशी तक्रार करण्याची पहिली संधी लोकांना तेव्हाच मिळाली होती.

सुवर्णकाळ आणि तुटलेला दुवा

साधारणत: १९३५ ते १९५५ हा टँगोचा सुवर्णकाळ मानला जातो. हुआन दारिएन्सो, कार्लोस दि सार्ली, अनिबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे यांचे वाद्यवृंद या काळात शहर गाजवीत होते. रेडिओवर टँगो, चहागृहात टँगो आणि आठवडाअखेरीस पेठेतल्या क्रीडा मंडळाच्या अंगणातही टँगोच. आई-वडील, मुले, शेजारीपाजारी सारे तिथे जमत. प्रत्येक वस्तीची आपली ढब होती. नर्तकाच्या पावलांवरून तो कोणत्या भागातला हे जाणकार ओळखत, असे सांगितले जाते. शहराच्या उत्तरेकडील व्हिय्या उर्कीसा भागाची लांब, डौलदार चाल आजही त्याच नावाने ओळखली जाते. मध्यवर्ती भागातील गर्दीच्या कॅबरेंमध्ये मात्र लांब पाऊल टाकायला जागाच नसे. तिथे जवळची मिठी आणि आखूड पाऊल रुजले.

हे नृत्य शिकवणाऱ्या शाळा त्या काळी फारशा नव्हत्या. मुलगे 'प्राक्तिका' नावाच्या सरावसभांत जात. तिथे पुरुषच पुरुषांबरोबर सराव करीत. नवख्याला आधी कित्येक महिने स्त्रीची बाजू शिकावी लागे, मग पुरुषाची, आणि थोरांनी मान डोलावली तरच त्याला खऱ्या नृत्यसभेत पाऊल ठेवता येई. या पद्धतीत एक फार मोठा शहाणपणा होता. ज्याला नेले जाणे म्हणजे काय हे अंगाने कळले आहे, त्यालाच दुसऱ्याला नेण्याचा अधिकार मिळत असे.

१९५५मध्ये लष्करी उठावाने अध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथवली आणि या बहराला ओहोटी लागली. राजकीय अस्थिरता, मोठे वाद्यवृंद पोसणे अशक्य करणारी आर्थिक ओढाताण आणि तरुणांना खेचून घेणारे रॉक-अँड-रोल अशी अनेक कारणे एकत्र आली. १९७६ ते १९८३ या काळातील लष्करी राजवटीचा दहशतीचा अंमल तर सार्वजनिक जीवनच गोठवणारा होता. टँगो या वर्षांत संपला नाही. परंतु सुमारे तीस वर्षे नवी पिढी त्याकडे वळलीच नाही. आजच्या साऱ्या वादाचे बीज या खंडात आहे. वडिलांकडून मुलाकडे जाणारा दुवा तुटला आणि पुढे जे आले ते आजोबांकडून नातवांकडे आले. मधल्या पिढीने हळूहळू केले असते ते बदल नातवांच्या पिढीत एकदम झाले आणि म्हणून ते डोळ्यांत खुपले.

पुनरुज्जीवन

१९८३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे. अर्जेंटिनात लोकशाही परतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिसमध्ये 'टँगो आर्जेन्तिनो' हा रंगमंचीय प्रयोग सादर झाला. १९८५मध्ये तो न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर पोहोचला आणि जगभर टँगो शिकण्याची हौस उसळली. त्यात हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस या विख्यात जोडीबरोबरच, मिलोंगांमध्ये मुरलेली, वयाने आणि देहाने 'नर्तक' या कल्पनेत न बसणारी जोडपीही होती. पोट सुटलेला व्हिरुलासो आणि त्याची पत्नी एल्विरा यांच्या सहजतेने प्रेक्षक थक्क झाले.

आता शिकू पाहणाऱ्यांची रीघ लागली. परंतु शिकवायचे काय आणि कसे? जुन्या नर्तकांना नाचता येत होते. 'मी हे कसे करतो' हे सांगता येत नव्हते. या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे १९९०च्या दशकात पुढे आली. पारंपरिक आणि आधुनिक अशा ज्या दोन शैलींची आज तुलना केली जाते, त्या वस्तुत: याच दोन उत्तरांतून घडल्या.

पारंपरिक शैली : छातीशी छाती

पहिले उत्तर होते मिठीचे. सुसाना मिलर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास जुन्या नर्तकांच्या सहकार्याने अल्माग्रो भागातील मंडळात जे शिकवले त्याला 'मिलोंगेरो शैली' हे नाव पडले. शहराच्या मध्यवर्ती भागातील गर्दीत नाचत आयुष्य घालवलेल्या जुन्या नर्तकांची ही रीत. यात दोघांच्या छाती नृत्याच्या आरंभापासून शेवटपर्यंत एकमेकींना टेकलेल्या असतात. दोघेही किंचित पुढे झुकून एकमेकांना आधार देतात, त्यामुळे बाजूने पाहिल्यास पाय दूर आणि माथी जवळ अशी उलट्या 'व्ही' अक्षरासारखी आकृती दिसते. स्पॅनिशमध्ये तिला 'आपिलादो' म्हणजे एकावर एक रचलेले असे म्हणतात. स्त्रीचा डावा हात पुरुषाच्या खांद्यावरून मानेभोवती जातो. पाऊल आखूड, गिरक्या मोजक्या आणि ताल मात्र अचूक.

पारंपरिक गटातच मोडणारी दुसरी रीत म्हणजे 'सालोन' टँगो. यात प्रत्येकाचा तोल स्वतंत्र असतो आणि मिठी जवळची असली तरी लवचीक असते. गिरकी घेताना ती थोडी सैल होते, चालताना पुन्हा मिटते. चालण्याचा डौल, पावलांची स्वच्छता, गिरकीच्या मध्यावर पुरुषाने जमिनीवर पायाने काढलेली एखादी नक्षी ही तिची वैशिष्ट्ये. सुवर्णकाळातील कार्लोस एस्तेवेस ऊर्फ 'पेत्रोलेओ' यांसारख्या नर्तकांनी गिरक्यांवर पुष्कळ प्रयोग केले होते. म्हणजे परंपरेतही प्रयोगशील माणसे होतीच.

दोन्हींत समान असलेली गोष्ट म्हणजे संवादाचे स्थान. पुरुष हाताने ढकलत वा ओढत नाही. त्याच्या छातीची सूक्ष्म हालचाल स्त्रीच्या छातीला कळते आणि तिचा पाय उचलला जातो. पावले आधी ठरलेली नसतात. तीन मिनिटांचे गाणे जसजसे उलगडते तसतसे नृत्य तिथल्या तिथे रचले जाते. दोन अनोळखी माणसे, एक शब्दही न बोलता, एकाच वेळी तेच गाणे ऐकत आहेत असा हा अनुभव. जुन्या नर्तकांना पावलांपेक्षा याच गोष्टीचे अप्रूप होते. 'टँगोत स्त्रीला मिठीत घेऊन चालता आले की बाकी सारे आले,' या आशयाची वाक्ये तिथे म्हणींसारखी ऐकू येतात.

सभागृहाचे संकेत

पारंपरिक शैली केवळ अंगाची नव्हे, वर्तणुकीचीही आहे. टँगोच्या नृत्यसभेला 'मिलोंगा' म्हणतात. (याच नावाचा टँगोहून चपळ असा एक संगीतप्रकारही आहे.) मिलोंगात आमंत्रणाचा मान नजरेचा. दूरच्या टेबलावरील स्त्रीकडे पुरुष पाहतो; तिने नजर मिळवली की मान किंचित हलवतो; तिने होकार दिला की मगच तिच्या दिशेने चालू लागतो. याला 'काबेसेओ' म्हणतात. नकार द्यायचा असेल तर नजर वळवायची; दोघांपैकी कोणाचाही चारचौघांत अपमान होत नाही. वरवर जुनाट वाटणारी ही रीत स्त्रीला निवडीचा पूर्ण अधिकार देते, हे आधुनिक शैलीचे पुरस्कर्तेही मान्य करतात.

संगीत तीन-चार गाण्यांच्या गुच्छांत वाजते. एका गुच्छाला 'तांदा' म्हणतात आणि दोन गुच्छांच्या मध्ये वाजणाऱ्या वेगळ्याच धाटणीच्या संगीताच्या तुकड्याला 'कोर्तिना' म्हणजे पडदा. एक तांदा एकाच जोडीदाराबरोबर नाचायची, मध्येच आभार मानून निघून जाणे हा अवमान. पडदा पडला की स्त्रीला तिच्या जागेपर्यंत पोहोचवायचे. नाचताना सर्व जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने, आपली रांग न सोडता पुढे सरकतात. पुढच्याला धक्का लावू नये, मागे पाऊल टाकू नये, कोणाला ओलांडून जाऊ नये. संपूर्ण सभागृह एकाच प्रवाहासारखे फिरते. गर्दीतही कोणाचा पाय कोणाला लागत नाही, यात जुन्या नर्तकाची खरी परीक्षा. रात्रीचे शेवटचे गाणे बहुधा 'ला कुम्पार्सिता'. हेरार्दो मातोस रॉद्रिगेस या मॉन्टेव्हिडिओच्या तरुणाने रचलेली ही धून वाजली की घरी जायची वेळ झाली हे सर्वांना कळते.

आधुनिक शैली : हालचालींचे व्याकरण

दुसरे उत्तर विश्लेषणाचे होते. १९९०च्या दशकात गुस्ताव्हो नाव्हेइरा आणि फाबियान सालास यांनी सरावासाठी एकत्र येऊन टँगोतील हालचालींची चिकित्सा सुरू केली. पुढे मारियानो 'चिचो' फ्रुम्बोली यांच्यासारखे तरुण त्यात आले. त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. जुने नर्तक जे करतात त्यामागे कोणते नियम आहेत? शरीर पुढे, बाजूला किंवा मागे अशी तीनच प्रकारची पावले टाकू शकते. गिरकी म्हणजे पुढे-बाजूला-मागे-बाजूला या चार पावलांची साखळी. दोघांचे पाय आरशातल्यासारखे जुळून चालतात किंवा एकाने पाऊल बदलल्याने तिरके जुळतात. मग या साऱ्यांच्या शक्य तेवढ्या जोडण्या मांडून पाहिल्या तर? जे उजवीकडे होते ते डावीकडे का होऊ नये? पुरुष करतो ते स्त्रीने का करू नये?

संगीतशास्त्रज्ञाने रागांतून थाट शोधून काढावेत आणि मग त्या थाटांतून अद्याप कोणी न गायलेल्या शक्यता दिसू लागाव्यात, तसे काहीसे झाले. या चिकित्सेतून हालचालींचा मोठा नवा साठा हाती आला. जोडीदाराला आपल्या दिशेने इतके झुकवायचे की तिचा तोल आपल्यावर यावा, याला 'वोल्कादा' म्हणतात. दोघांनी एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला झुकून, हातांच्या आधारावर लटकत फिरायचे ते 'कोल्गादा'. क्षणभर मिठी पूर्ण सोडून पुन्हा धरायची ती 'सोल्तादा'. जोडीदाराच्या पायाची जागा आपल्या पायाने घेणारी 'साकादा', पायात आकडा घालणारा 'गांचो' आणि चाबकासारखा पाय उडवणारा 'बोलेओ' हे प्रकार आधीपासून होते. परंतु ते आता सर्व दिशांनी आणि दोघांकडूनही होऊ लागले.

अशा हालचालींना जागा हवी, म्हणून मिठी उघडली. ती रबरासारखी झाली. कधी जवळ, कधी हातभर लांब. जोडीचा तोल एका सामाईक बिंदूभोवती फिरू लागला. चकचकीत उंच टाचांच्या जागी सपाट बूट आले, सुटाच्या जागी सैल कपडे. हे सारे 'टँगो नुएव्हो' म्हणजे नवा टँगो या नावाने प्रसिद्ध झाले. गंमत अशी की, स्वत: नाव्हेइरा यांना हे लेबल मान्य नव्हते. २००९मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी म्हटले की, नवा टँगो ही एखादी शैली नव्हे. १९८०च्या दशकानंतर टँगोच्या बाबतीत जे जे घडले त्या सर्वांना मिळून दिलेले ते नाव आहे.

फरक थोडक्यात

दोन्ही शैलींतील भेद पाच मुद्द्यांत सांगता येईल.

पहिला, मिठी. पारंपरिक शैलीत ती बंद व स्थिर; आधुनिक शैलीत उघडी व बदलती.

दुसरा, तोल. मिलोंगेरो शैलीत एकमेकांवर विसावलेला, सालोन शैलीत स्वतंत्र. आधुनिक शैलीत स्वतंत्र, परंतु मुद्दाम ढळवला जाणारा.

तिसरा, जागा. पारंपरिक नर्तक चौरस मीटरभर जागेतही समाधानी असतो. आधुनिक नर्तकाला ऐसपैस अवकाश लागतो. भरलेल्या सभागृहात मागे उडालेला बोलेओ शेजारणीच्या पोटरीला टाच लावू शकतो. नव्या शैलीबद्दलच्या तक्रारींपैकी सर्वांत रास्त तक्रार हीच होय.

चौथा, शिकण्याची पद्धत. पूर्वी पाहून आणि अंगाने शिकले जाई. आता तत्त्वे समजावून, हालचालींचे तुकडे पाडून शिकवले जाते.

पाचवा, संगीत. त्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे.

कोणत्या तालावर?

पारंपरिक मिलोंगात आजही १९३० ते १९५०च्या दशकांतील ध्वनिमुद्रणे वाजतात. दारिएन्सोचा टोकदार ठेका, दि सार्लीचे भारदस्त पियानोवादन, पुग्लिएसेचे खोल श्वासासारखे उसळते आणि थांबते स्वर हे नर्तकांच्या अंगात मुरलेले असतात. पुढचा विराम कुठे येणार हे दोघांनाही ठाऊक असते, आणि त्या विरामात थांबण्याचा आनंद सामाईक असतो.

अॅस्टर पियाझोला (१९२१-१९९२) याने टँगो संगीताचा कायापालट केला. त्रोइलोच्या वाद्यवृंदात बँडोनिऑन वाजवून उमेदवारी केलेला हा कलावंत १९५४मध्ये पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकायला गेला आणि परतल्यावर त्याने जॅझ आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यांच्याशी टँगोची सांगड घातली. त्याच्या रचनांना 'नुएव्हो टँगो' म्हणतात. नावसाधर्म्यामुळे घोटाळा होतो, परंतु संगीतातील ही क्रांती नृत्यातील नव्या शैलीच्या कित्येक दशके आधीची. पियाझोलाचे संगीत हे पायांपेक्षा कानांसाठी आहे, असा पारंपरिक नर्तकांचा अभिप्राय असून त्यांच्या सभेत ते क्वचितच वाजते. २००१मध्ये पॅरिसस्थित 'गोतान प्रोजेक्ट' या समूहाच्या 'ला रेव्हान्चा देल टँगो' या संग्रहाने टँगोला इलेक्ट्रॉनिक ठेक्याची जोड दिली. ('गोतान' म्हणजे 'टँगो'चीच उलटी अक्षरे, शब्द उलटे करून बोलणे ही ब्युनोस आयर्सच्या बोलीची जुनी खोड.) पाठोपाठ गुस्ताव्हो सांताओलाया यांच्या 'बाहोफोन्दो' या समूहाचे संगीत आले आणि नव्या नर्तकांना त्यांचा ताल मिळाला. मात्र हा ठेका पुष्कळदा यंत्रासारखा एकसारखा असतो. त्यात जुन्या वाद्यवृंदांचे चढउतार नाहीत, अशी टीका आधुनिक शैलीच्या काही मोठ्या नर्तकांनीच पुढे केली.

स्त्री आणि पुरुष

पारंपरिक टँगोत पुरुष नेतो आणि स्त्री अनुसरते. 'अनुसरण' या शब्दाने मात्र फसू नये. उत्तम मिलोंगात अनुभवी स्त्री पुरुषाची घाई रोखू शकते, विराम लांबवू शकते, त्याच्या एका सूचनेला तीन अर्थ देऊ शकते. तरीही आमंत्रणापासून दिशेपर्यंत पुढाकार पुरुषाचाच, हे वास्तव आहे. आधुनिक शैलीने हे नाते सैल केले. दोन्ही भूमिका दोघांनी शिकाव्यात, नृत्य चालू असताना त्या बदलाव्यात, दोन स्त्रियांनी किंवा दोन पुरुषांनी जोडीने नाचावे, हे आता नवलाचे राहिलेले नाही. २००१मध्ये हॅम्बुर्ग येथे या विचाराचा पहिला 'क्विअर टँगो' महोत्सव भरला. परंपरेचे अभिमानी याला बाहेरून आलेले खूळ म्हणत, तेव्हा त्यांना जुन्या प्राक्तिकांची आठवण करून दिली जाई. पुरुष पुरुषांबरोबर, स्त्रीची बाजू शिकत, सुवर्णकाळातच तर नाचत होते!

रंगमंच, स्पर्धा आणि बॉलरूम

या दोन्हींपासून वेगळा काढायला हवा तो रंगमंचीय टँगो. कोपेस यांनी १९५०च्या दशकापासून घडवलेला हा प्रकार पूर्वरचित, बॅलेची साथ घेणारा आणि सर्वस्वी प्रेक्षकांसाठी आहे. आपल्याकडे जाणकारांच्या पुढ्यात अदाकारीने रंगणारी बैठकीची लावणी आणि हजारोंच्या गर्दीसमोरची फडाची लावणी यांची प्रकृती जशी वेगळी, तसेच येथेही. २००३पासून ब्युनोस आयर्समध्ये भरणाऱ्या जागतिक टँगो स्पर्धेत म्हणूनच दोन स्वतंत्र विभाग आहेत. 'पिस्ता' विभागात अनेक जोडपी एकाच वेळी, पूर्वरचना न करता नाचतात. संगीत चालू असताना त्यांना मिठी सोडता येत नाही आणि उड्या मारता येत नाहीत. 'एसेनारिओ' म्हणजे रंगमंच विभागात कल्पकतेला मोकळीक असते. सामान्य माणूस ज्याला आधुनिक टँगो समजतो, तो पुष्कळदा हा रंगमंचीय टँगो असतो.

मानेला झटके देणारा, ढोलाच्या करकरीत ठेक्यावरचा बॉलरूम टँगो तर आणखी निराळा. युरोपात पोहोचलेल्या टँगोला इंग्रज नृत्यशिक्षकांनी १९२०च्या दशकात ठरावीक पावलांच्या चौकटीत बसवले. त्यात दोघांचा संपर्क कमरेपाशी असतो आणि चेहरे विरुद्ध दिशांना. अर्जेंटिनी टँगोत नेमके उलट, छाती आणि माथी जवळ, पाय मोकळे.

परंपरा किती जुनी?

आता वादाच्या गाभ्याकडे येऊ. परंपरावाद्यांचे म्हणणे असे की, मिठी उघडली की टँगो संपला; उरते ती कसरत. नव्यांचे म्हणणे असे की, सुवर्णकाळातील प्रत्येक नामवंत नर्तक आपापल्या काळी प्रयोगशीलच होता; त्याची नक्कल करणे हाच परंपरेचा खरा द्रोह. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दोन्हींत एक विसंगतीही आहे. 'मिलोंगेरो शैली' हे नाव १९४०च्या दशकात कोणी वापरत नव्हते. ते १९९०च्या दशकात, म्हणजे 'नुएव्हो'च्याच सोबत रूढ झाले. जुनी माणसे स्वत:ला कोणत्याही शैलीचे म्हणवत नसत; ती फक्त टँगो नाचत. दुसरीकडे, नव्यांनी ज्या हालचालींचे व्याकरण मांडले त्यांतील कित्येक हालचाली जुन्या नर्तकांच्या पायांतूनच उचललेल्या होत्या. पारंपरिक आणि आधुनिक ही जुळी भावंडेच म्हणायची. तुटलेला दुवा सांधण्याच्या एकाच धडपडीतून दोघांचा जन्म झाला. एकाने जुन्यांची मिठी जपली, दुसऱ्याने त्यांची जिज्ञासा.

काळाने या वादाची धार बरीच बोथट केली आहे. २०१०नंतर 'नुएव्हो' या नावाचा बोलबाला ओसरला. नव्या शैलीत वाढलेल्या अनेक नर्तकांनी जवळच्या मिठीकडे मोर्चा वळवला. युरोपात तर केवळ पारंपरिक रीतीने नाचणाऱ्यांचे मेळावे भरू लागले. परंतु परतताना ते रिकाम्या हाताने परतले नाहीत. आजचा तरुण नर्तक छातीशी छाती लावून नाचतो. मात्र त्याच्या गिरक्यांची सफाई आणि त्याला शिकवण्याची पद्धत नव्यांनी केलेल्या चिकित्सेतून आलेली असते. ३० सप्टेंबर २००९ रोजी युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे यांचा सामाईक अमूर्त वारसा म्हणून टँगोची नोंद केली, तेव्हा त्यात कोणत्याही एका शैलीला झुकते माप नव्हते.

मार्च २०२०मध्ये मात्र दोन्ही बाजूंना एकाच संकटाने गाठले. साथीच्या निर्बंधांमुळे ब्युनोस आयर्समधील मिलोंगा बंद पडल्या. ज्या नृत्याचा पायाच अनोळखी माणसाला मिठी मारणे हा, त्याला त्या काळात कुठेच जागा उरली नाही. मिलोंगांचा आधार असलेली ज्येष्ठ मंडळी घरांत अडकली. जानेवारी २०२१मध्ये कोपेस यांचे कोविडने निधन झाले. सभागृहे पुन्हा उघडली तेव्हा मिठी उघडी असावी की बंद, हा प्रश्न कोणाच्या मनात नव्हता. मिठी पुन्हा मारता आली, हेच पुष्कळ होते.

टँगो शिकू पाहणाऱ्याला जाणते शिक्षक हल्ली एकच सल्ला देतात. आधी गर्दीत, जवळच्या मिठीत, कोणाला धक्का न लावता चालायला शिका. मग जागा मिळेल तिथे हवे तेवढे प्रयोग करा. संगीत ऐकण्याची आणि समोरच्या माणसाचा श्वास ओळखण्याची सवय लागली असेल, तर उघड्या मिठीतही टँगो राहतो. ती सवय नसेल तर छातीशी छाती लावूनही दोघे केवळ पावले मोजत राहतात.

ब्युनोस आयर्सच्या त्या जुन्या सभागृहात पहाटेच्या सुमारास 'ला कुम्पार्सिता' सुरू होते, तेव्हा कापडी बुटांतला एखादा तरुण आजीच्या वयाच्या स्त्रीकडे पाहून मान हलवताना दिसतो. ती हसून उठते. पुढची तीन मिनिटे तिने सुवर्णकाळातल्या अंगणात कमावलेले आणि त्याने काल-परवाच्या वर्गात शिकलेले एकाच मिठीत नांदत असते. त्या दोघांपैकी परंपरा कोणाची आणि नवता कोणाची, हे पाहणाऱ्याला त्या वेळी सांगता येत नाही.